‘लक्ष कुठे असतं तुझं?’ असं विचारण्यापूर्वी…

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, आठवत नाही. ओळखीचा शब्द ओठांवर येऊन अडतो. मीटिंगमध्ये दोघं-तिघं एकदम बोलू लागले की काहीच डोक्यात शिरत नाही. असं कधीतरी सगळ्यांचंच होतं. पण मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएस असलेल्या अनेकांचं हे रोजचं असतं. घरचे मात्र म्हणतात, ‘‘लक्ष कुठे असतं तुझं हल्ली?’’

नेमकं काय होतं?

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूतील आणि मज्जारज्जूतील नसांच्या आवरणावर हल्ला करते. त्यामुळे मेंदूचे निरोप उशिरा पोहोचतात किंवा वाटेतच अडतात. हा आजार बहुतेकदा २० ते ४० या वयात सुरू होतो. स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे. म्हणजे नोकरी, संसार, मुलं सगळं ऐन भरात असताना तो गाठतो.

तोल जाणं, हातपाय बधिर होणं, धूसर दिसणं ही लक्षणं लोकांना समजतात. पण जवळपास निम्म्या रुग्णांच्या स्मरणशक्तीवर, एकाग्रतेवर आणि विचारांच्या वेगावरही परिणाम होतो. नीट चालणाऱ्या रुग्णालाही हा त्रास असू शकतो. म्हणूनच ‘चांगली तर दिसतेस’ हे वाक्य तिला फार लागतं.

बुद्धी तीच, वेग कमी

सर्वात जास्त आढळणारा बदल म्हणजे विचारांचा मंदावलेला वेग. समज आणि शब्दसंपत्ती बहुतेकांची शाबूत असते. उत्तर तिला येतं, फक्त ते द्यायला जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ न देता आपण तिचं वाक्य पूर्ण करतो. मग बँकेची कामं, मुलांचा अभ्यास एकेक करून तिच्या हातून काढून घेतो. आजारापेक्षा हेच जास्त खचवणारं ठरतं.

डॉक्टरांना सांगा

न्यूरोलॉजिस्टकडे फक्त हातापायांबद्दल बोलू नका. चिन्हं आणि आकडे जुळवण्याची अवघ्या ९० सेकंदांची एक चाचणी असते. ती दरवर्षी केली तर बदल वेळीच लक्षात येतो. अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइड, बी-१२ची कमतरता आणि काही औषधं यांमुळेही विसरभोळेपणा वाढतो. यांवर उपाय करता येतात. त्रास एकाएकी वाढला तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. औषधं मात्र मनाने बंद करू नका.

घरी काय कराल?

* एका वेळी एकच काम सांगा. बोलताना टीव्ही बंद ठेवा.
* किल्ल्या, चष्मा, फाइल यांची जागा ठरवून टाका.
* औषधांसाठी मोबाइलचा अलार्म आणि वारांचे कप्पे असलेला डबा वापरा.
* हिशेबासारखी डोक्याची कामं थकवा कमी असताना, शक्यतो सकाळी करू द्या.
* उन्हाने, उकाड्याने लक्षणं वाढू शकतात. घरात गारवा राहील असं पाहा.
* डॉक्टरांना विचारून नियमित व्यायाम सुरू करा. ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत घ्या.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, हेही लक्षात ठेवा. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

आणि उद्या ती बोलता बोलता थांबली, तर तिला शब्द सुचवायची घाई करू नका. दोन क्षण वाट पाहा. तिचं वाक्य तिलाच पूर्ण करू द्या.