शिट्टी आणि घड्याळ

काही वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालील मुलांच्या एका शालेय स्पर्धेत आमच्या वसतिगृहातील मुलांचा फुटबॉलचा उपांत्य सामना होता. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांचा. उत्तरार्धात आम्ही एका गोलने पुढे होतो आणि सात-आठ मिनिटे उरली होती. त्यानंतर जे घडले, ते शालेय मैदानावर वावरणाऱ्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा पाहिलेले आहे. आमच्या गोलरक्षकाच्या बुटाची नाडी दोनदा सुटली. थ्रो-इन घेण्यास गेलेला मुलगा चेंडू डोक्यावर धरून उभा राहिला आणि मग विचार बदलून त्याने तो दुसऱ्याच्या हाती दिला. बचावफळीतील एक मुलगा कोणाचा धक्का न लागता खाली बसला. कुंपणापलीकडे बाभळीत गेलेला चेंडू आणावयास आमची मुले रमतगमत गेली. पंचांनी हे सारे पाहिले, एकदा हाताने 'चला, चला' अशी खूण केली आणि घड्याळात वीस मिनिटे भरताच शेवटची शिट्टी वाजवली. समोरच्या संघाचा कर्णधार त्यांच्याकडे धावत गेला. त्याने एवढेच विचारले, "सर, चेंडू आणायला गेले होते, ती वेळ?" पंच काही बोलले नाहीत. पुढच्या सामन्याचे दोन्ही संघ रेषेवर येऊन उभे होते.

आमच्या मुलांना असे वागावयास कोणी सांगितले होते? आम्हीच. रेषेबाहेरून 'सावकाश, सावकाश' असे ओरडणाऱ्या आवाजांत आमचाही आवाज होता. त्या विजयाचे छायाचित्र शाळेच्या कार्यालयात लावलेले आहे. या स्मरणिकेतही ते बहुधा छापले जाईल. तेव्हा वेळकाढूपणाविषयी लिहिताना आम्ही केवळ पंचांना बोल लावणारे तटस्थ प्रेक्षक नाही, ही कबुली आरंभीच दिलेली बरी. तथापि त्या कर्णधाराचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार मैदानावर फक्त एकाच व्यक्तीस होता.

आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे कोणताही नियम दिसला की तो कोणत्या प्रसंगातून जन्मला, हे शोधण्याची आम्हांस सवय आहे. भरपाई वेळेच्या उगमाविषयी इंग्लंडमधील एक हकीकत नेहमी सांगितली जाते. १८९१ मध्ये स्टोक आणि ॲस्टन व्हिला या संघांचा सामना चालू होता. स्टोक एका गोलने मागे होता आणि अवघी दोन मिनिटे उरली असताना त्यास पेनल्टी किक मिळाली. व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू लाथाडून मैदानाबाहेर घालविला; तो सापडेपर्यंत वेळ संपली आणि पेनल्टी घेतलीच गेली नाही. वाया गेलेली वेळ पंचाने भरून द्यावी, हा नियम अशा अनुभवांतून आला. पुढे १९९० च्या विश्वचषकात गोलरक्षकाकडे चेंडू मागे देऊन, त्याने तो हाती धरून वेळ घालविण्याचा सर्वांस उबग आला आणि १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळण्यास बंदी झाली. आपल्या कबड्डीतही चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आहे. वेळ खाण्याची युक्ती आधी निघते, नियम मागाहून येतो, असाच हा क्रम आहे.

परंतु नियम येणे आणि तो अमलात येणे या दोन भिन्न गोष्टी होत. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांहून अधिक काळ हातात धरला, तर प्रतिस्पर्ध्यास अप्रत्यक्ष फ्री किक द्यावी, असा नियम अनेक वर्षे पुस्तकात होता. गोलच्या इतक्या जवळून मिळणारी फ्री किक ही शिक्षा पंचांस फार जड वाटे. म्हणून ते ती बहुधा देतच नसत आणि गोलरक्षक निर्धास्त राहत. अखेर फुटबॉलचे नियम ठरविणाऱ्या 'इफॅब' या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२५ पासून मर्यादा आठ सेकंदांची केली, शेवटची पाच सेकंदे पंचाने हात वर करून बोटांनी मोजून दाखवावीत असे ठरविले आणि शिक्षा कॉर्नर किकपर्यंत सौम्य केली. मुदत वाढली, शिक्षा घटली. पण आता ती दिली जाण्याची खात्री वाढली. मुलांच्या सामन्यांसाठी यात मोठा धडा आहे. क्वचित कोसळणाऱ्या कठोर शिक्षेपेक्षा हटकून मिळणारी लहान शिक्षा मुलास लवकर समजते. वर्गात आम्ही हेच अनुभवतो.

पंचांच्या हाती आज काय आहे? सातव्या नियमानुसार खेळाडू बदलणे, जखमी खेळाडूची विचारपूस करणे व त्यास बाहेर नेणे, कार्डे दाखविणे, गोलनंतरचा जल्लोष आणि वेळकाढूपणा यांत गेलेली वेळ पंचाने त्याच भागाच्या शेवटी भरून द्यावयाची असते. ही सवलत नव्हे, पंचाचे कर्तव्य आहे. जाहीर केलेली मिनिटे किमान असतात. ती वाढविता येतात, कमी करता येत नाहीत. २०२२ च्या कतार विश्वचषकात हा नियम काटेकोरपणे पाळण्याचे ठरले, तेव्हा इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही भागांत मिळून सुमारे २७ मिनिटे भरपाई द्यावी लागली. त्यात एका गोलरक्षकाची गंभीर दुखापतही होती, हे खरे. पण एरवी किती वेळ मुकाट्याने बुडत होती, हे जगाने त्या स्पर्धेत पाहिले.

मोठ्यांच्या सामन्यापेक्षा मुलांच्या सामन्यात हा प्रश्न अधिक गंभीर आहे, असे आमचे मत आहे. एक तर साधा हिशेब पाहा. चाळीस मिनिटांच्या सामन्यातील तीन मिनिटे बुडाली, तर साडेसात टक्के खेळ बुडाला. नव्वद मिनिटांच्या सामन्यात तेवढाच वाटा बुडावयास जवळजवळ पावणेसात मिनिटे जावी लागतील. शिवाय मोठ्या मैदानावर चेंडू आणून देणारी मुले असतात, राखीव चेंडू असतात. आमच्याकडे चेंडू एकच आणि पलीकडे बाभळीचे कुंपण. त्याहून महत्त्वाचे असे की, तेरा-चौदा वर्षांचा मुलगा वेळकाढूपणा क्वचितच स्वतःच्या बुद्धीने करतो. तो रेषेबाहेरच्या गुरुजींची आज्ञा पाळत असतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आघाडी राखणे हे चातुर्य नव्हे काय, असे अनेक क्रीडाशिक्षक आम्हांस विचारतात. आहेच. कोपऱ्यातील निशाणापाशी चेंडू अंगाआड राखणे, आपसांत लहान पास देत राहणे, घाईने आक्रमण न करणे, या सर्व गोष्टी खेळात बसतात; त्याबद्दल पंचाने चकार शब्द काढू नये. कारण त्या वेळी चेंडू खेळात असतो. प्रतिस्पर्ध्याने धावावे, दबाव आणावा आणि चेंडू हिसकावून घ्यावा. उपाय त्याच्या पायांत आहे. पण चेंडू रेषेबाहेर गेला किंवा शिट्टीने खेळ थांबला की प्रतिस्पर्ध्यास काहीच करता येत नाही. घड्याळ चालू राहते आणि त्यास केवळ पाहत उभे राहावे लागते. अशा वेळी त्याच्या वतीने काही करू शकणारी मैदानावरील एकमेव व्यक्ती म्हणजे पंच. तेव्हा चेंडू खेळात आहे की नाही, ही एक कसोटी पंचाने मनाशी पक्की धरली, तर त्याचा निम्मा गोंधळ संपेल.

या कसोटीवरून पंचाने कसे वागावे, याविषयी आमच्या अपेक्षा थोडक्यात अशा. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधार व शिक्षक यांना बोलावून त्याने स्पष्ट सांगावे की बुडालेली वेळ भरून दिली जाईल. पहिली समज पूर्वार्धातच द्यावी. शेवटच्या तीन मिनिटांत अचानक कडक होणारा पंच हरणाऱ्या संघाचा कैवारी वाटतो. पहिल्या दहा मिनिटांपासून तीच शिस्त लावणारा पंच कोणाचाच वाटत नाही. खेळ रेंगाळला की त्याने मनगटावरील घड्याळाकडे सर्वांस दिसेल अशा रीतीने बोट दाखवावे. उशीर करून काही मिळत नाही, हे मुलांना दिसले की पुढचे उपदेश अनावश्यक ठरतात. समज देऊनही चेंडू लाथाडून दूर घालविणे किंवा फ्री किकच्या चेंडूवर ठाण मांडून उभे राहणे चालूच राहिले, तर पिवळे कार्ड दाखवावे. पण ओरडून, अपमान करून नव्हे. बदलला जाणारा खेळाडू मैदानाच्या पलीकडच्या टोकास असेल, तर त्याने जवळच्याच रेषेवरून बाहेर जावे, हा २०१९ पासूनचा नियम मुलांना अनेकदा ठाऊक नसतो; तो त्यांना समजावून सांगावा.

दुखापतीच्या बाबतीत मात्र पंचाने कधीही घाई करू नये. पंच वैद्य नाही. खाली बसलेल्या दहा मुलांपैकी नऊ सोंग करीत असली, तरी दहाव्याच्या घोट्याचा प्रश्न असतो आणि कोणता दहावा हे दुरून कळत नाही. मुलास 'ऊठ, नाटक करू नकोस' असे म्हणणाऱ्या पंचापेक्षा शांतपणे घड्याळ पाहून गेलेली वेळ टिपून ठेवणारा पंच आम्हांस अधिक योग्य वाटतो. मैदानावर उपचार घेतलेल्या खेळाडूने, काही अपवाद वगळता, बाहेर जावे आणि खेळ सुरू झाल्यावर पंचाच्या परवानगीनेच परत यावे, असा नियम आहेच. खरी दुखापत झालेल्या मुलास त्याने विश्रांती मिळते आणि खोट्या दुखापतीतला फायदा उरत नाही. कोणावर संशय घेण्याची वेळच येत नाही.

राहिला प्रश्न रेषेबाहेरच्या आमच्यासारख्यांचा. २०१९ पासून संघाच्या शिक्षकास किंवा प्रशिक्षकासही पिवळे व लाल कार्ड दाखविता येते. आपल्या संघाचा खेळ मुद्दाम रेंगाळविणाऱ्या शिक्षकास पिवळे कार्ड आहे. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडवून धरणाऱ्या शिक्षकास थेट लाल. शालेय सामन्यांत हा अधिकार जवळजवळ वापरला जात नाही. पंच बहुधा वयाने लहान असतो, समोर ज्येष्ठ गुरुजी असतात आणि आपल्याकडे वयाचा मान ठेवण्याची रीत आहे. आमची पंचांस विनंती आहे की त्यांनी हा संकोच सोडावा. सांगणारा मोकळा आणि ऐकणारा मुलगा शिक्षेस पात्र, हा न्याय नव्हे. त्या दिवशी पहिले कार्ड आम्हांस दाखविले असते, तर आमची मुले आपोआप उठून उभी राहिली असती.

आयोजकांची अडचण आम्ही जाणतो. एकाच मैदानावर दिवसभरात अनेक सामने उरकावयाचे असतात, ऊन चढत असते, लांबच्या शाळांस परतीची एसटी गाठावयाची असते. तीन-तीन मिनिटे वाढत गेली, तर शेवटचा सामना अंधारात जाईल, ही भीती खोटी नाही. पण तिचा इलाज वेळापत्रकात आहे. प्रत्येक सामन्यामागे दहा मिनिटे मोकळी ठेवावीत; ते जमत नसेल, तर स्पर्धेच्या नियमांतच प्रत्येक भाग दोन-तीन मिनिटांनी लहान करावा. मुलांच्या सामन्यांचा कालावधी कमी करण्यास नियमांची मुभा आहे. सतरा मिनिटांचा भाग पूर्ण खेळविणे हे वीस मिनिटांचा भाग अर्धवट सोडण्यापेक्षा प्रामाणिकपणाचे आहे. ठरलेली वेळ दोन्ही संघांस सारखी मिळाली पाहिजे. ती एका संघाच्या युक्तीने आणि आयोजकांच्या घाईने परस्पर आटता कामा नये.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही आज क्रीडाशिक्षक आहेत, काही सुट्टीच्या दिवशी शिट्टी घेऊन मैदानावर उभे राहतात. हे लेखन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. निर्णय कठीण वाटेल तेव्हा जिंकणाऱ्या किंवा हरणाऱ्या संघाकडे पाहू नका. घड्याळाकडे पाहा आणि जे गेले ते परत द्या. मुले पराभव विसरतात. आपली वेळ कोणीतरी नेली आणि ज्याच्या हाती अधिकार होता तो गप्प राहिला, हे ती विसरत नाहीत. त्या कर्णधाराचे नाव आम्हांस ठाऊक नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न आजही आठवतो.

शेवटी एक छोटी मागणी. माजी विद्यार्थी दरवर्षी शाळेस ढाली व चषक भेट देतात. त्यांनी कपाट भरले आहे. यंदा त्यांऐवजी चार चेंडू द्यावेत. दोन्ही गोलांमागे एकेक आणि दोन्ही बाजूंच्या रेषांवर एकेक ठेवला की बाभळीत गेलेल्या चेंडूसाठी खेळ थांबणार नाही. भरपाईची मिनिटे लिहून दाखविण्यास फळा आणि खडू शाळेत आहेतच. आमच्या मैदानावरील पुढच्या सामन्यात तो फळा आम्ही स्वतः धरून उभे राहू. मग आमचा संघ पुढे असो वा मागे.