घरबसल्या कामाचे मृगजळ

कुंभार पिंपळगाव (जि. जालना), वार्ताहर - पेन्सिली खोक्यात भरा, महिन्याला तीस हजार रुपये मिळवा, कच्चा माल घरपोच मिळेल, तयार माल आम्हीच उचलू. फक्त नोंदणीचे ६५० रुपये आधी पाठवा. अशा आशयाचे संदेश मोबाइलवर सर्रास फिरतात. शहरातील वाचक त्यावर हसून पुढे जातो, नाहीतर गावाकडच्या गरजू नातेवाइकाला तो संदेश धाडून मोकळा होतो. फसवणुकीची साखळी बहुधा तेथूनच सुरू होते.

घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे ऊस-कापसाच्या पट्ट्यातील बाजारपेठेचे गाव. वेचणी संपली की महिलांची मजुरी आटते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत त्यांना फारसा वाव नाही आणि रोजची जा-ये परवडणारी नाही. अशा घरात 'घरबसल्या' हा शब्द मोहात पाडतो, यात नवल नाही. मोहात पडणारीला भोळी म्हणण्यापेक्षा त्या कामाचा हिशेब तपासणे अधिक उपयुक्त ठरेल.

अंतराचा हिशेब

घरी बसून करण्याचे खरे काम आपल्याकडे जुनेच आहे. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. तेथे महिला शाखेतून मळलेले पीठ नेतात, घरी पापड लाटतात आणि शाखेत आणून वजनावर मजुरी घेतात. सोलापुरात विडी कामगार महिला तेंदूची पाने व तंबाखू घरी नेऊन वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत जमा करतात. या दोन्ही ठिकाणी शाखा जवळ असते, देणारा-घेणारा ओळखीचा असतो आणि पैसा मालकाकडून कामगाराकडे जातो.

पेन्सिलींचे खोके मात्र शेकडो किलोमीटरवरून कुंभार पिंपळगावात येणार आणि भरून परत जाणार, म्हणजे दोन्ही वेळचे भाडे आले. जे काम कारखान्यातील यंत्र काही क्षणांत करते, त्यासाठी एवढा खर्च करून वर तीस हजार रुपये देणारा व्यापारी जगात नाही. नटराज व अप्सरा पेन्सिली बनविणाऱ्या हिंदुस्थान पेन्सिल्स कंपनीनेही आपण असे घरकाम देत नसल्याचे जाहीर केले आहे. तरीही तिच्या नावाचा वापर थांबलेला नाही.

'नापास' मालाचा सापळा

या फसवणुकीचे दोन प्रकार दिसतात. पहिल्यात नोंदणी, ओळखपत्र, कुरिअर, अनामत अशा नावांनी रक्कम उकळली जाते आणि नंतर फोन लागत नाही. दुसरा अधिक कावेबाज आहे. त्यात संच किंवा यंत्र खरोखर विकले जाते. बाई राबून माल तयार करते, पण तो 'दर्जात बसत नाही' म्हणून नाकारला जातो. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशननेही घरी वस्तू जोडण्याच्या कामांबाबत नेमका हाच इशारा दिलेला आहे. माल नाकारण्याचा अधिकार किती घातक असतो, हे आपल्या कायद्यालाही ठाऊक होते. म्हणूनच १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांवरील वाद सोडविण्याची तरतूद करावी लागली. जाहिरातीतल्या कामाला असे कोणतेही संरक्षण नसते.

'तयार माल आम्हीच घेऊ' या वचनाची किंमत महाराष्ट्राने २०१९ मध्ये मोजली आहे. इस्लामपूरहून सुरू झालेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत परतखरेदीच्या भरवशावर राज्यभरातील शेतकऱ्यांनी पैसे गुंतविले आणि ते अडकले.

तक्रार का होत नाही?

६५० रुपयांसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार? ठकांचा सारा धंदा या संकोचावर उभा आहे. दहा हजार जणींनी एवढीच रक्कम दिली, तर ती ६५ लाख होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने गुंतवणूक व अर्धवेळ नोकरीच्या नावाखाली फसविणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली. 'घर बैठे जॉब' सारख्या शब्दांच्या जाहिरातींतून महिला, बेरोजगार तरुण व निवृत्तांना हेरले जाते, असे मंत्रालयाने तेव्हा नमूद केले होते. संकेतस्थळ बंद झाले, तरी नवे उघडायला वेळ लागत नाही.

त्यामुळे पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कामासाठी पैसे मी का द्यायचे? माल कोठून येणार आणि जाण्या-येण्याचा खर्च कोण सोसणार? माल नाकारला, तर माझी मजुरी कोण देणार? एकाचेही सरळ उत्तर मिळाले नाही, तर व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे, पावत्या व संदेश जपून ठेवावेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार हा फसवणुकीचा गुन्हा आहे, रक्कम कितीही लहान असो.

मात्र केवळ सावधगिरीच्या सूचनांनी प्रश्न सुटणार नाही. बचत गटांच्या मालाला हमखास बाजार आणि गावाजवळ कामाची केंद्रे मिळाली, तरच मृगजळामागचे धावणे थांबेल. तोवर निदान असा संदेश पुढे पाठविण्यापूर्वी शहरातल्या वाचकाने क्षणभर थांबावे.