देश नको, वादकाचं नाव सांगा

रायपूरच्या सायन्स कॉलेजच्या मैदानावर राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव पहिल्यांदा भरला तो 2019 च्या डिसेंबरात. युगांडा, बेलारूस, थायलंड, श्रीलंका, मालदीव आणि बांगलादेशातून कलाकार आले. 2021 च्या ऑक्टोबरात नायजेरिया, माली, पॅलेस्टाइन, सीरिया, एस्वातिनी आले. 2022 मध्ये महोत्सव राज्योत्सवाला जोडून 1 नोव्हेंबरला सुरू झाला आणि मंगोलिया, इजिप्त, टोगो, मोझांबिक, सर्बिया इथली मंडळं येऊन गेली. ही यादी मी देशांच्या नावांनी दिली, कारण शहरात कोणालाही विचारा, त्याच्याकडे हीच यादी आहे. बातम्यांतही हीच होती. त्या रात्रींत गाणाऱ्या बाईचं नाव, ढोल वाजवणाऱ्या माणसाचं गाव, त्याच्या वाद्याला तिकडे काय म्हणतात, यातलं काहीही आपल्यापाशी उरलं नाही. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीबद्दल आहे.

मी रायपूरच्याच तात्यापाऱ्यात तबला शिकवते. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात. घरात मराठी, दाराबाहेर छत्तीसगढी. महोत्सवात युगांडाचे ढोल सुरू झाले तेव्हा मी सवयीने मांडीवर ताल धरला. मोठ्या ढोलाचा ठोका जिथे सम मानावी तिथे येईना. थोड्या वेळाने उलगडलं: एक हात दोनाच्या हिशेबात होता, दुसरा तिनाच्या, आणि दोन्ही चाली शेजारी शेजारी धावत होत्या. पुढच्या रांगेत महासमुंदकडचे एक आजोबा बसले होते, खांद्यावर गमछा. ते मागे वळून म्हणाले, ''ये तो हमर मांदर कस बाजत हे!'' त्यांना कोणी समजावून द्यावं लागलं नाही. ज्या कानांनी आयुष्यभर मांदर ऐकला, त्यांना आफ्रिकेचा ढोल परका वाटत नाही. त्या मैदानावर असे हजारो कान बसले होते आणि रायपूरची खरी श्रीमंती मी तीच मानते.

त्या रात्रीनंतर मी युगांडाचं संगीत शोधून शोधून ऐकत गेले. तिथल्या बुगांडा भागात अमाडिंडा नावाचं वाद्य आहे. केळीच्या खोडांवर बारा लाकडी पट्ट्या मांडतात. दोन वादक समोरासमोर बसतात आणि एकाच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत दुसऱ्याचा ठोका पडतो. दोघेही एकसारख्या गतीनेच वाजवत असतात, पण ऐकणाऱ्याच्या कानावर येतो तो दुप्पट वेगाचा प्रवाह. त्यातून उमटणारी सुरावट दोघांपैकी एकट्या कोणाचीच नसते. तिसरा वादक वरच्या दोन पट्ट्यांवर त्या प्रवाहात लपलेली धून वेचून दाखवतो. मी हे माझ्या विद्यार्थ्यांकडून दोन तबल्यांवर करून घेते. मोठ्यांना जमायला दिवस लागतात. लहान मुलं चटकन शिकतात, कारण ती एकमेकांकडे बघत वाजवतात.

मंगोलियाचं मोरिन खूर ऐकलं नसेल तर जरूर ऐका. दोन तारांचं वाद्य, वरच्या टोकाला घोड्याचं मुख कोरलेलं, तारा घोड्याच्या केसांच्या आणि गजही त्याच केसांचा. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ते 2008 पासून आहे. त्याहून मला भावली ती 2015 मध्ये युनेस्कोच्याच, तातडीने जतन करायच्या वारशाच्या यादीत आलेली दुसरी प्रथा. गोबीच्या वाळवंटात एखादी सांडणी आपल्या पिल्लाला जवळ घेत नसेल, तर गुराखी तिच्यासमोर मोरिन खूर किंवा बासरी वाजवून, गाऊन तिचं मन वळवतात. हे वाचलं आणि मला आमचे राऊत आठवले. छत्तीसगडचे हे गुराखी लांबलचक 'बांस' फुंकतात आणि त्याच्या सुरावर रात्र रात्र कथा गातात. मंगोलियाचा तो वादक आणि एखादा बांसवाला राऊत दुपारी एका सतरंजीवर बसले असते तर त्यांना दुभाषा लागला नसता, असं मला मनापासून वाटतं. दोघे एकाच शहरात असू शकतात, पण त्यांची गाठ घालून देणारं कोणी लागतं.

पॅलेस्टाइनचा दबके हा हातात हात घालून, पाय आपटत करायचा नाच. मातीच्या छपरांची माती पायांनी चोपून बसवण्याच्या कामातून तो आला, असं तिकडे सांगतात. आमच्या बस्तरातही रांगच नाचते. गडचिरोलीतल्या भामरागडचे माडिया हात गुंफून रेला गातात, तेही याच कुळातलं. विदर्भातल्या वाचकांना हे सांगायला नको.

आपल्याच वाद्यांचं काय चाललंय, हेही या ओघात सांगितलं पाहिजे. लग्नाच्या वरातीत गडवा बाजा असे: निसाण, डफडा, टमकी आणि वर मोहरीचा टोकदार सूर. आता त्या जागी डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि छातीत धडधड होते. बस्तरची वाद्यं आणि ती वाजवणारी माणसं एकत्र आणण्याचं काम अनुप रंजन पांडे यांनी 'बस्तर बँड' काढून केलं. त्यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. बाहेरून पाहुणे वादक येतात तेव्हा अशा लोकांच्या हाती एक अख्खी दुपार सोपवावी.

नावाचा आग्रह मी का धरते, याचं उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे. हबीब तन्वीर 1923 साली रायपुरात जन्मले. त्यांचं 'चरणदास चोर' 1982 मध्ये एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात गेलं आणि तिथे पुरस्कार घेऊन आलं. त्यांनी नाचा या लोकनाट्यातल्या खेड्यातल्या कलावंतांना जगाच्या मंचावर त्यांच्याच बोलीत, त्यांच्या नावानिशी उभं केलं, म्हणून आज फिदाबाई आणि गोविंदराम निर्मलकर ही नावं आपल्याला माहीत आहेत. पंडवानीच्या तीजनबाईंना 2018 मध्ये जपानचा फुकुओका पुरस्कार मिळाला, तो तीजनबाई म्हणून. 'भारतातून आलेली एक गायिका' एवढीच ओळख जपानी श्रोत्यांच्या हाती पडली असती, तर त्यांनी पुन्हा कोणाला शोधलं असतं? आपण मात्र मालीहून आलेल्या माणसाला 'माली' म्हणून हाक मारतो. घरी जाऊन मोबाइलवर त्याला शोधायचं तर लिहायचं काय? देशाचं नाव टाकलं की हजार चित्रफिती येतात आणि आपला वादक त्यात कुठेच सापडत नाही.

करायचं ते फार खर्चाचंही नाही. निवेदकाने मंडळाचं नाव, मुख्य वादकाचं नाव आणि वाद्याचं नाव हिंदीत आणि छत्तीसगढीत सांगावं. मागच्या पडद्यावर देवनागरीत लिहावं. मंडळाला घाईघाईत उरकावं लागणार नाही इतका वेळ द्यावा, कारण असं संगीत अंगात भिनायलाच वेळ लागतो. दुपारी महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातल्या मुक्ताकाशी मंचावर पाहुणे आणि बस्तर-सरगुजाचे वादक आमनेसामने बसवावेत, भाषणं नकोत. त्याचं ध्वनिमुद्रण करून वादकांच्या नावांसह सगळ्यांना ऐकायला खुलं करावं.

2022 नंतर राज्यात निवडणुका झाल्या, सरकार बदललं. ते होतच राहणार. परदेशी वादकांनी या शहरात येणं हे कोणत्याही पक्षाचं काम नाही. ते दरवर्षी व्हावं, आणि ज्या सरकारला त्याचं श्रेय हवं असेल त्याने खुशाल घ्यावं.

आम्हा मराठी माणसांनाही यात करण्यासारखं आहे. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ 1935 पासून चालू आहे. गणेशोत्सवात तिथे गाणं होतंच. पाहुण्या मंडळांपैकी एकाला महाराष्ट्र मंडळाने एक संध्याकाळ बोलवावं. माइक नको, शंभरेक माणसं आणि जमिनीवर बैठक पुरे. नागपूर-गोंदियाच्या रसिकांना गाडीने त्याच दिवशी येता येईल. पाहुण्यांच्या चहा-पोह्यांचं आम्ही तात्यापाऱ्यातल्या बायका बघू, आणि आमंत्रणपत्रिकेवर प्रत्येक वादकाचं नाव नीट विचारून मी स्वतः लिहीन.