जुने नकाशे आणि गावाची स्मृती

आपल्या शाळांतून इतिहासाच्या तासाला पानिपतची लढाई होते आणि भूगोलाच्या तासाला ॲमेझॉनचे खोरे येते. ज्या गावात ती शाळा भरते त्या गावाला मात्र स्वतःचा इतिहासही नाही आणि भूगोलही नाही, असा विद्यार्थ्यांचा समज होऊन बसतो. गावाचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोठून आणावयाची, असा प्रश्न शिक्षकही विचारतात. ताम्रपट आणि बखरी प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाहीत, हे खरे. परंतु एक साधन असे आहे की, ज्याने कोणत्याही गावाला वगळलेले नाही. ते म्हणजे जुने स्थलदर्शक नकाशे.

भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना १७६७ सालची. १८०२ मध्ये लॅम्बटन याने मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, तिच्या आधारावर पुढे एक इंचास एक मैल या प्रमाणाचे नकाशे तयार झाले. मेट्रिक पद्धती आल्यावर त्यांची जागा पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशांनी घेतली. पश्चिम महाराष्ट्राचा फार मोठा भाग ४७ या क्रमांकाच्या चौकटीत येतो. तिचे सोळा आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग पाडले की, आपल्या गावाचा नकाशा हाती लागतो. विहीर, देऊळ, ईदगाह, गाडीवाट, ओढ्याचे वळण आणि टेकडीची उंची त्यात टिपलेली असते. वस्ती उठून गेलेल्या गावासाठीही त्यात स्वतंत्र खूण आहे. महसुली भाषेत अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. माणसे गेली तरी शिवाराला नाव उरते, आणि त्या नावापासूनच इतिहासाचा पहिला प्रश्न सुरू होतो : ही माणसे का गेली?

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीचा प्रयोग प्रथम याच भागात झाला. प्रिंगल याने ठरविलेला आकार रयतेस झेपला नाही, जमिनी ओस पडल्या, लोक परागंदा झाले. तेव्हा १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांना याच तालुक्यात नव्याने मोजणी करावी लागली. गाव-नकाशा, सर्व्हे नंबर आणि बांधाच्या निशाण्या यांची आज आपल्याला परिचित असलेली पद्धत त्यातून घडत गेली. पुढे १९८० साली भीमेवरील उजनी धरण पुरे झाले आणि याच तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. जुने पळसदेव त्यांपैकी एक. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की, तेथील प्राचीन देऊळ वर येते. लोक ते पाहावयास जातात, छायाचित्रे काढतात आणि परततात. त्या देवळाकडे येणारी वाट कोणत्या गावाहून येत होती, नदीला उतार कोठे होता, हे मात्र पाणी ओसरल्यावरही कळत नाही. ते धरणापूर्वीच्या नकाशाने आणि तेथे लहानपण घालविलेल्या वृद्धांनीच सांगावयाचे. नकाशा टिकेल, वृद्ध किती दिवस टिकणार?

नकाशा हा निःपक्षपाती साक्षीदार आहे, असे मात्र कोणी मानू नये. मोजणीदार आला तो सरकारचा सारा आणि सैन्याची वाट यांच्यासाठी. त्याला विहीर दिसली, म्हणून त्याने ती दाखविली. त्या विहिरीवर पाणी भरण्याचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे त्याने दाखविले नाही. महाडचे चवदार तळे कोणत्याही नकाशात नुसता निळा ठिपका म्हणून दिसेल. २० मार्च १९२७ रोजी ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह का करावा लागला, हे त्या ठिपक्यावरून उमगणार नाही. म्हणून नकाशा हे उत्तर नव्हे, ती प्रश्नपत्रिका आहे. ती घेऊन विद्यार्थ्यांनी गावठाणात, वाडीवस्तीत, पूर्वी वेशीबाहेर ठेवलेल्या वस्त्यांत गेले पाहिजे आणि तेथील आजोबांना व आजींना विचारले पाहिजे.

यात व्यवहाराचाही भाग आहे. पाणंदी नांगराखाली जातात, ओढे बुजविले जातात, आणि मग पावसाळ्यात पाणी घरात शिरले की, दैवाला दोष दिला जातो. वहिवाटीची वाट कोठून जात होती, या वादात तहसीलदारालाही शेवटी गाव-नकाशाच उघडावा लागतो. आपल्या गावाचा जुना नकाशा ज्यांना वाचता येतो, त्यांना फसविणे थोडे कठीण जाते.

नकाशांविषयीचे सरकारी धोरण पूर्वी फार संकोचाचे होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाचे नकाशे आणि जनतेचे नकाशे वेगळे केले. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंधने आणखी सैल केली. हे स्वागतार्हच होय. परंतु मोकळीक नव्या नकाशांपुरती राहू नये. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे अडीच लाखास एक प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांना खुले केले आहेत. धरणापूर्वीची भीमा पाहावयास इंदापूरच्या विद्यार्थ्याने टेक्सासचा दरवाजा ठोठवावा, ही गोष्ट आपल्याला भूषणावह नाही.

मागणी मोठी नाही. प्रत्येक तालुक्याच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांच्या आणि गाव-नकाशांच्या प्रती तेथील शाळांना व सार्वजनिक ग्रंथालयांना मिळाव्यात, आणि वर्षातून एक दिवस शिक्षकांनी मुलांना त्या घेऊन शिवारात न्यावे. जुन्या नावांची यादी मुलांनीच करावी. ती करण्यास लागेल एक वही आणि एक पेन्सिल. उशीर केला तर मात्र ती नावे सांगणारे कोणी उरणार नाही.