खेळाचा तास कोणाचा?

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारच्या सत्रात शिकणारे दिव्यातील मूल त्या दिवसांत घरी पोहोचेपर्यंत काळोख पडू लागलेला असतो. ज्या घरी रात्रिभोजनाचा त्याग पाळला जातो, तेथील आईची त्या वेळची घाई वाचकांना निराळी सांगावयास नको. कित्येकदा डब्यातील शेवटचा घास रिक्षातच संपवावा लागतो. पुढे पाठशाळा, मग क्लास, सणासुदीला दुकानात मदत. सकाळ गृहपाठात जाते. अशा दिनक्रमात खेळाला जागा शोधू गेल्यास एकच सापडते : शाळेच्या वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाचा तास.

आणि नेमका तोच तास सर्वांत आधी जातो. गणिताचा भाग उरला, चाचणी जवळ आली, की सहावी ते आठवीच्या वर्गांतून खेळाचा तास काढून घेतला जातो. पालक तक्रार करीत नाहीत. व्यापारी घरात तर गणिताला एक तास अधिक मिळाल्याचे समाधानच असते. एरवी पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरांचा हिशेब येथे मात्र चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करीत नसल्याचे आढळले. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के होते. हाडे भरण्याचे वय हेच, आणि मासिक पाळी सुरू होताच मुलगी मैदानाच्या कडेला जाऊन बसते तेही याच वयात. तिला तेथून उठविण्याचे काम शिक्षकांआधी आईचे आहे.

दिव्यात यावर ठरलेले उत्तर मिळते : मैदानच नाही. ते खोटे नाही. मुंबई, कल्याण, वसई आणि पनवेलचे लोहमार्ग जेथे एकत्र येतात, त्या जंक्शनभोवती वस्ती इतक्या वेगाने वाढली की इमारतीला इमारत चिकटली. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात मात्र शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे असे स्पष्ट म्हटले आहे; सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असल्यास शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितला आहे. शिवाय कबड्डीचे पूर्ण मैदान अवघे १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. लंगडी, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, लेझीम यांना तर त्याहूनही कमी जागा पुरते. जागेची अडचण खरी. पण जेथे तास घेण्याची इच्छाच नाही, तेथे ती सोयीचीही ठरते.

आपल्या समाजाला या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील तरुणपणी कुस्तीचे शौकीन होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून त्यांनी वसतिगृहांतील मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही दिली. अंगमेहनतीला शिक्षणात कमी लेखण्याची रीत त्यांना मान्य नव्हती.

पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : खेळाचा तास कोण घेते, आणि गेल्या महिन्यात तो प्रत्यक्षात किती वेळा झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मूलही देऊ शकेल, बहुधा अधिक अचूक.

राहिला प्रश्न तपश्चर्येचा. पर्युषणात उपवास किंवा एकासणे करणाऱ्या मुलाची चिठ्ठी शिक्षकांकडे अवश्य द्यावी. त्या दिवसांत त्याने कडेला बसून गुण मोजावेत, शिट्टी वाजवावी. पारणे होऊन अंगात शक्ती आली की त्याला पुन्हा मैदानात धाडावे. त्या चिठ्ठीवर संपूर्ण वर्षाची सूट मागू नये.