सहलीला गेलेली मुलगी, न गेलेला मुलगा आणि एकच निबंध



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली की आपण सगळेच एक काम हमखास करतो. फळ्यावर 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ' असं लिहितो आणि खाली पाच-सहा मुद्दे देतो. यंदा मीही तेच केलं. माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. माझी लेकही त्याच वर्गात आहे.

वह्या तपासताना दोन निबंध लागोपाठ हातात आले. दोन्हींची सुरुवात पहाटे लवकर उठण्यापासून. दोन्हींत निसर्गरम्य वातावरण, दोन्हींत मन प्रसन्न झालेलं आणि शेवटी 'ही सहल मी कधीच विसरणार नाही'. एक वही माझ्या लेकीची होती. दुसरी वर्गातल्या एका मुलाची. त्याचं अक्षर सुंदर, शुद्धलेखनही बरं, म्हणून मी त्याचा निबंध वर्गात वाचून दाखवला. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, हा कुठंच गेला नव्हता. सुट्टीभर आमच्याबरोबर नदीवरच होता."

वर्ग हसला. त्या मुलाने मान खाली घातली ती शाळा सुटेपर्यंत वर केली नाही. त्याचे आईवडील दुसऱ्याच्या रानात कामाला जातात. सुट्टीत गाडी काढून फिरायला जाणं त्यांच्या घरात होत नाही. मग त्याने काय लिहायचं होतं? त्याने बिचाऱ्याने निबंधाच्या पुस्तकातून उतरवलं. विषय तर मीच दिला होता.

घरी येताना मात्र दुसराच प्रश्न डोक्यात होता. तो गेला नव्हता म्हणून त्याने उतरवलं. माझी लेक तर खरंच गेली होती, मग तिनेही तेच का लिहिलं?

आमची ती दिवाळीची सहल आठवली. जुनी गाडी नुकतीच घेतली होती, उत्साह भरपूर. एका दिवसात वाईचा ढोल्या गणपती, मेणवली, धोम, पाचगणीचं टेबल लँड, क्षेत्र महाबळेश्वर, वेण्णा लेक आणि जमलं तर प्रतापगड! पसरणीच्या घाटात लेकीला उलट्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी दर्शन, फोटो आणि "चला चला, उशीर होतोय". गाडीत बसली की तिच्या हातात मोबाईल, कारण आम्हालाही शांतता हवी होती. प्रतापगड राहिलाच.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "खरं सांग, तुला त्या दिवसातलं काय आठवतं?" ती म्हणाली, "वेण्णा लेकवर मक्याचं कणीस खाल्लं, ते जाम तिखट होतं. आणि आजीची चप्पल हरवली."

"मग हे का नाही लिहिलं?"

"असलं निबंधात लिहायचं नसतं ना, आई?"

हे तिला कुणी शिकवलं? मीच. फळ्यावर मुद्दे लिहून मीच शिकवलं.

माझं मत स्पष्ट आहे. मुलांना दाखवलेल्या ठिकाणांची संख्या म्हणजे शिक्षण नाही. एका दिवसात आठ ठिकाणं पाहिलेल्या मुलाकडे सांगण्यासारखं काही नसेल, तर ती सहल मोठ्यांची झाली. आणि नदीकाठी सुट्टी घालवलेल्या मुलाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असूनही आपण त्याला सांगू देत नसू, तर चूक आपल्या विषयात आहे.

जानेवारीत एका रविवारी आम्ही पुन्हा निघालो. या वेळी ठरवलं, एकच धागा धरायचा. आमचं गाव कृष्णाकाठचं, साताऱ्याच्या खालच्या बाजूला. तर कृष्णेच्या उलट्या दिशेने वर जायचं. माहुली, वाई, मेणवली आणि क्षेत्र महाबळेश्वर, एवढंच. आमचे हे म्हणाले, "एवढं पेट्रोल जाळून चारच ठिकाणं?" सासूबाई म्हणाल्या, "मला देवळात घटकाभर बसायला मिळालं तरी पुष्कळ."

पहिला थांबा संगम माहुली. इथे कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. लेकीला दोन्ही पाणी कुठून येतंय ते घाटावर उभं राहून दाखवलं आणि सांगितलं, "या दोघींना संध्याकाळपर्यंत लक्षात ठेव."

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेतल्यावर देवळाच्या मागे गेलो. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती आहे. "अशी का बरं बांधली असेल?" एवढंच विचारलं. ती नदीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बोटीचं टोक असंच असतं." सासूबाईंनी पुढचं सांगितलं. पूर आला की पाणी या टोकावर दुभंगतं आणि देवळाच्या दोन्ही बाजूंनी निघून जातं. रास्त्यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. एवढे पूर सोसून ते उभं आहे.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट. तिथल्या मोठ्या घंटेवर लेकीने स्वतः १७०७ हे साल शोधलं आणि बाळाला घेतलेली एक बाई. "आई, ही कुठली देवी?" ती मेरी, कडेवर येशू. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चच्या घंटा इकडे आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. वसईची लढाई तिला मी अशी कधीच शिकवू शकले नसते.

घाटात दोनदा गाडी थांबवली. उलटी झाली नाही. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या इथे उगम पावतात अशी श्रद्धा आहे. याच डोंगरावरून सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते, आणि कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर पूर्वेकडे जाऊन बंगालच्या उपसागराला. जलविभाजक हा शब्द न वापरता तो समजला. लेकीने धारेखाली हात धरला आणि विचारलं, "हे पाणी आपल्या गावात कधी पोचेल?" तिचे बाबा म्हणाले, "आधी धोमच्या धरणात थांबेल, मग सोडतील तेव्हा."

परतताना मेढ्याच्या रस्त्याने वेण्णेच्या सोबतीने उतरलो. माहुली जवळ आली तसं लेकच ओरडली, "आता दोघी भेटणार!" मोबाईल दिवसभर कुणी मागितला नाही.

सोमवारी वर्गात विषय बदलला. 'घरापासून चालत जाता येईल असं माझं एक ठिकाण.' मुद्दे दिले नाहीत. फक्त सांगितलं, दुसऱ्या कुणी लिहिलं नसेल असं काहीतरी लिहा. त्या मुलाने आमच्या गावच्या घाटावर लिहिलं. त्यांची म्हैस पाण्यात रोज एकाच दगडाजवळ बसते, दुसरीकडे नेली तर उठून तिथंच येते. पुराचं पाणी मारुतीच्या कितव्या पायरीला लागलं होतं तेही त्याला माहीत होतं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. त्या मी दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसून सुधारल्या. या वेळी त्याला विचारूनच निबंध वाचून दाखवला. मधल्या सुट्टीत माझी लेक त्याला विचारत होती, "तो दगड मला दाखवशील?"

पालकांना माझी विनंती:

१) एका दिवसात तीन-चारच ठिकाणं ठेवा. एक नदी, एक घाट, एक किल्ला असा धागा धरा.
२) मुलाला एक काम द्या. साल शोधणं, पायऱ्या मोजणं, नकाशात रस्ता बघणं.
३) माहिती लगेच सांगू नका. आधी विचारा, "असं का असेल?"
४) आजी-आजोबांना सोबत घ्या आणि त्यांच्या चालीने चाला.

आणि आपण शिक्षकांनी:

१) "सुट्टीत कोण कोण फिरायला गेलं, हात वर करा" हे वर्गात विचारणं बंद करूया. हात खालीच राहणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.
२) निबंधाचा विषय असा द्यावा, की गाडी नसलेल्या घरातल्या मुलालाही त्यावर खरं लिहिता येईल.
३) सुंदर अक्षरातल्या उतरवलेल्या निबंधापेक्षा चुका असलेल्या खऱ्या निबंधाला जास्त गुण देऊया. चुका नंतर सुधारता येतात.

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सहलीला जरूर जा. आल्यावर मुलांना निबंध लिहायला लावण्याआधी जेवताना एवढंच विचारा, "तुला काय आठवतं?" आणि उत्तर मक्याचं कणीस असलं, तर तेच लिहू द्या.