रान कुणी बघायचे?



गेल्या मार्चमध्ये आमच्या मंडळातल्या आम्ही सहाजणी आंबोलीच्या रानात गेलो. मोर्चा नव्हता, शिबिर नव्हते, कुणावर अत्याचार झाला म्हणून धावून गेलो नव्हतो. नुसते रान बघायला गेलो होतो. आमच्यातल्या दोघी मालवणच्या बाजारात मासे विकतात, एक अंगणवाडीत आहे, एक निवृत्त शिक्षिका. सगळ्यांचा जन्म किनाऱ्यावर गेला. पूर्वेला सह्याद्रीची निळी रेघ रोज दिसते, पण पन्नाशी उलटली तरी कामाशिवाय तिथे पाऊल टाकले नव्हते.

निघण्यापूर्वीच प्रश्न सुरू झाले. "कुणाकडे जाताय?" कुणाकडे नाही. "मग कशाला?" आणि शेवटी, "सोबत कोण आहे?" सहा बाया एकत्र असल्या तरी ती 'सोबत' होत नाही, हे त्या दिवशी पुन्हा कळले. वाटेत एका लॉजवर खोली मागितली, तर गल्ल्यावरच्या माणसाने आमच्या पाठीमागे नजर टाकली. "जेन्ट्स कोणी नाही?" नाही म्हटल्यावर खोल्याही नव्हत्या. दुसरीकडे जागा मिळाली. तिथे शेजारच्या खोलीत पुरुषांचा एक घोळका पहाटेपर्यंत पीत होता, ओरडत होता. त्यांना 'लेडीज कोणी नाही?' असे कुणीही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रानात शिरलो. अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरल्या होत्या. हिरण्यकेशीच्या उगमापाशी बसलो. तिथल्या पाण्यात सापडलेल्या माशाची नवी जात २०२० साली जगापुढे आली आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा एक बेडूक तर या परिसराबाहेर सापडत नाही. किती वर्षांनी आम्ही कुणालाही न सांगता, कुणासाठीही न रांधता, मन मानेल तिकडे चालत होतो! एकीने पदर कमरेला खोचला आणि कातळावर आडवी झाली. "आज माका कोण हाक मारूचो नाय," म्हणाली.

उतरताना वाटेत एक बाई भेटली. डोक्यावर लाकडांचा भारा, हातात कोयती. आमच्याहून दहा वर्षांनी मोठी असेल.

"खय गो चल्ल्यात?"

"रान बघूक इलंव."

ती हसली. "रान बघूक? डोक्यार भारो आसलो काय वर खय बघूक गावता?"

एवढे बोलून ती पुढे गेली. आम्ही गप्प झालो. कालपासून आम्ही बायकांच्या फिरण्याच्या हक्काबद्दल तावातावाने बोलत होतो. आणि आमच्या सगळ्यांहून जास्त रान चाललेल्या बाईने जन्मभरात ते मान वर करून पाहिले नव्हते.

आगोटीच्या आधी पावसाळ्याचे सरपण भरायचे ते बाईने. पातेरा गोळा करायचा बाईने. रातांबे, शिकेकाई, पावसात टाकळा, फोडशी, अळंबी, कुठले झाड कधी फळते, कुठली अळंबी विषारी, हे सगळे तिच्या डोक्यात. पण तिच्या चालण्याला कुणी भटकंती म्हणत नाही. शहरातून पाठीवर पिशवी घेऊन आलेला तरुण दोन दिवस चालला तर तो निसर्गप्रेमी. ही चाळीस वर्षे चालली, तर हिला खाकी कपडा दिसताच भारा झुडपात टाकावा लागतो.

हे आजचे नाही. आंबोली वसली ती वेंगुर्ला बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, साहेबाच्या सोयीने. पलीकडचे दाजीपूरचे जंगल कोल्हापूरच्या संस्थानिकांचे शिकारीचे रान होते. आज ते राधानगरी अभयारण्यात आहे आणि २०१२ पासून जागतिक वारसा यादीत. १९९७ मध्ये आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आधी राजा, मग साहेब, आता पर्यटक. रानात मौजेने जाणारा बदलत गेला. भारा वाहणारी तीच राहिली.

"लाकूडतोडीने जंगल संपते, मग या बायकांची बाजू कशी घेता?" असे आमच्याच काही पर्यावरणवादी मित्रांनी विचारले. प्रश्न टाळायचा नाही. ओली फांदी वर्षानुवर्षे तोडली तर रान विरळ होते, हे खरे आहे. पण मग हिशोब पूर्ण मांडा. दोडामार्गात कळण्याच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि गाळ शेता-बागायतीत शिरला. तो कुणाच्या भाऱ्यामुळे? सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घालण्याची वेळ मुंबई उच्च न्यायालयावर २०१३ साली आली, ती काय कोयतीवाल्या बायकांमुळे? आणि तिने सरपण सोडावे असे वाटत असेल, तर सिलिंडर भरायचे पैसे तिच्या हातात पडतील असे काम द्या. नुसत्या पाट्या लावून चूल विझत नाही. १९७४ साली रेणी गावात गौरादेवी आणि तिच्या सोबतिणी झाडांना बिलगल्या, त्या पर्यटक नव्हत्या. जिचे जगणे रानावर अवलंबून, तिनेच ते वाचवले.

आता कायद्याकडे पाहू. आंबोली-दोडामार्ग हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अशा क्षेत्राची तरतूद वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. व्यवस्थापन समितीत वन खाते, ग्रामपंचायती, संस्था, शेती आणि पशुसंवर्धन खाते यांचे प्रतिनिधी घ्यायचे ठरले. बाई हा शब्द त्या कलमात नव्हता. उलट २००६ चा वनहक्क कायदा पाहा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, गावच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात, आणि काटक्या-झुडपांसह गौण वनोपजावर मालकी हक्क मिळू शकतो. पण आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. सासरी आलेल्या बाईने हा पुरावा कुठल्या गावचा द्यायचा? माहेरचा की सासरचा? तिचे नाव ना त्या सातबाऱ्यावर, ना या.

म्हणून माझे म्हणणे असे, की बाईचा फिरण्याचा हक्क आणि बाईचा रानावरचा हक्क या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. एकीला 'एकटी कशाला आलीस' म्हणून अडवतात, दुसरीला 'इथे काय काम' म्हणून. अडवणारा एकच आहे. रान आपले आहे आणि बाई तिथे परवानगीने येते, असे मानणारा. आपण नुसती पहिली मागणी केली, तर आपणही पैसेवाल्या पर्यटक होऊ आणि ती बाई आपल्या फोटोतले चित्र होईल. नुसती दुसरी केली, तर बाईने रानात जायचे ते फक्त राबायला, हे आपणच मान्य केले असे होईल.

तेव्हा आपल्या भागातल्या मंडळांनी चार गोष्टी मागाव्यात. राखीव क्षेत्राच्या समितीवर पंचायतीने बाईला पाठवावे. राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, सबब चालणार नाही. सामूहिक वनहक्काचे दावे भरताना सरपण-भाजी गोळा करणाऱ्या बायकांची साक्ष लिहून घ्यावी. वाटाड्याचे काम आणि त्याचे पैसे आधी गावातल्या बायकांना मिळावेत. रान त्यांना पाठ आहे. धबधब्यांवर बायकांसाठी स्वच्छ संडास असावेत आणि दारुड्यांचा बंदोबस्त व्हावा.

आणि पाचवी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची. पुढच्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्या बाईच्या वाडीत आधी जाऊन विचारणार आहोत, एक दिवस भारा न घेता आमच्याबरोबर येतेस का? त्या दिवसाचे सरपण आदल्या दिवशी सगळ्याजणी मिळून आणू. वाट ती दाखवील. मान मात्र सगळ्यांनी वर करून चालायचे.